संगणक, टीव्ही आणि अण्णांची खतावणी



गेल्या पाडव्याला रहिमतपूरच्या आमच्या घरी 43 इंची दूरचित्रवाणी संच आला. (पुढे सोयीसाठी ‘टीव्ही’च म्हणतो.) घरातील मुलांनी तो मालिका आणि सामन्यांसाठी आणला होता. मी मात्र त्याच्या पाठीमागील छिद्रांकडे पाहत होतो. घरचा संगणक या संचाला जोडता येईल, आणि जोडला पाहिजे, असे माझ्या मनाने घेतले. त्यामागील कारण आधी सांगतो, कारण अनेक वाचकांच्या घरी तेच असेल.

आमच्या भुसार दुकानाची किर्द आणि खतावणी चाळीस वर्षे थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, स्वहस्ते लिहिली. वही गादीवर उघडी असे. मी बँकेच्या बदलीच्या गावाहून सुट्टीवर आलो की सहज पाने चाळीत असे, त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. रात्री रोजमेळ घालताना एकाने आकडा म्हणायचा आणि दुसऱ्याने त्यावर खूण करायची, हा पेढीचा रिवाज. आमच्या बँकेतही संगणक येण्यापूर्वी खातेवह्यांची पडताळणी अशीच दोघांनी मिळून होई. दोन डोळ्यांच्या जोड्या एकाच आकड्यावरून गेल्या की चूक सहसा लपत नाही.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि दुकानाचा हिशेब संगणकात गेला. 2020 च्या टाळेबंदीत तो संगणक घरी आला आणि घरातच राहिला. रात्री जेवणानंतर पुतण्या कोपऱ्यातील मेजावर नोंदी करतो. पडदा साडेअठरा इंचांचा, अक्षर मुगाएवढे. अण्णांचे वय 76, एका डोळ्याचे मोतीबिंदू काढलेले, दुसऱ्याचे राहिलेले. मुलाच्या खांद्यावरून वाकून पाहावे तर तो अविश्वास दिसेल, म्हणून ते पाहत नसत. अण्णांना आता दुकानात रस उरला नाही असे मुलाला वाटे, म्हणून तो दाखवीत नसे. तीन वर्षे दोघांमध्ये हिशेबाविषयी एक शब्द झाला नव्हता. भांडण असते तर मिटवता आले असते.

आता जोडणीविषयी. आमच्या जुन्या संगणकाला व्हीजीए नावाची निळी, पंधरा टाचण्यांची खाच आहे. आयबीएम कंपनीने ती 1987 साली आणली. टीव्हीला असते ती एचडीएमआय, 19 टाचण्यांची चपटी खाच. तिचे मानक डिसेंबर 2002 मधले. पहिली जुन्या पद्धतीने चित्राचे कमी-अधिक होणारे विद्युत्‌दाब पाठवते, दुसरी आकडे पाठवते, आणि त्याच तारेतून आवाजही. दोघींची भाषा वेगळी असल्याने मध्ये दुभाषा लागतो. त्याला कन्व्हर्टर म्हणतात. मी तालुक्याच्या बाजारातून एक डबी आणली, दोन्ही टोके नीट बसली, पण पडदा काळाच. दोन रात्री मी तारा उलटसुलट केल्या. शेवटी ध्यानी आले की ती डबी लॅपटॉपवरून जुन्या प्रोजेक्टरकडे जाणारी, म्हणजे एचडीएमआयमधून व्हीजीएकडे नेणारी होती. हे दुभाषे एकाच दिशेने बोलतात! तेव्हा खरेदी करताना ‘संगणक व्हीजीए, टीव्ही एचडीएमआय’ असे स्पष्ट सांगावे. योग्य डबीला वीज देण्यासाठी यूएसबीची एक शेपटी आणि आवाजासाठी एक बारीक तार असते. ज्यांच्या संगणकाला मुळातच एचडीएमआय आहे त्यांना यातले काहीच नको, एक साधी तार पुरे. ती महागडी घेण्याचेही कारण नाही. दोन-तीन मीटर अंतरात आकडे एक तर पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत. सोन्याच्या मुलाम्याने ते अधिक शुद्ध होत नाहीत.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. तार लावताना दोन्ही यंत्रे बंद असावीत आणि दोन्ही तीन टाचण्यांच्या एकाच बोर्डावर असावीत. आमच्यासारख्या जुन्या घरात अर्थिंग अपुरे असते. छत्रीची किंवा केबलची तार टीव्हीला लागलेली असताना संगणकाच्या पत्र्याला हात लावला आणि मुंग्या आल्या, तर काम तेथेच थांबवून वायरमन बोलवावा.

चित्र आले, पण कडा कापलेल्या. आणि कापली गेली नेमकी उजवी कड, जेथे शिल्लक रकमेचा रकाना असतो! ‘18,400’ चे ‘18,4’ झाले. निवृत्त बँक अधिकाऱ्याला याहून भयंकर दृश्य कोणते दाखवावे? याचे कारण जुने आहे. काचेच्या नळीच्या संचांत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या येत, म्हणून चित्र मुद्दाम थोडे मोठे करून कडा चौकटीआड दडवीत. नळी गेली तरी टीव्हीची ती खोड राहिली. चित्राच्या आकाराच्या यादीत एलजीच्या संचात ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’, सोनीमध्ये ‘फुल पिक्सेल’ असा पर्याय मिळतो. तो निवडताच आमचे शेवटचे दोन शून्य परत आले. अनेक संचांत त्या खाचेला ‘पीसी’ असे नाव देण्याची सोय असते. ते दिले की टीव्ही चित्र सजवण्याचा उद्योग थांबवतो आणि बारीक अक्षरांच्या कडेचे धुके जाते.

संगणकाच्या मांडणीत 1920 गुणिले 1080 हा आकडा निवडावा, म्हणजे 20,73,600 ठिपके. जुन्या दूरदर्शनच्या चित्रात दिसणाऱ्या ओळी अवघ्या 576 होत्या. येथे 1080 आहेत. येथे माझा एक गैरसमज दूर झाला. पडदा मोठा झाला की अक्षर मोठे होईल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ठिपकेही वाढतात. त्यामुळे अक्षर पडद्याच्या प्रमाणात वाढत नाही. त्यात मालिका पाहायला आपण दहा फुटांवर बसतो आणि तेथून खतावणी वाचणे तरुण डोळ्यांनाही अवघड. तेव्हा संगणकात अक्षरांचे प्रमाण दीडशे टक्के केले आणि अण्णांची आरामखुर्ची पाच फुटांवर ओढली.

त्या रात्री अण्णा प्रथम नुसते पाहत राहिले. पुतण्या येणे बाकीची यादी खाली सरकवीत होता. वाठारच्या एका गिऱ्हाइकाला 18,400 रुपयांच्या तगाद्याचा निरोप तयारच होता. अण्णा म्हणाले, “थांब. याने पैसे दिलेत.”

“अण्णा, जमा नाही दिसत.”

“आले विकून थेट इथं आला होता. पाऊस होता, गमजाखाली नोटा धरून आणल्या होत्या. पुसेसावळीला त्याच नावाचा दुसरा आहे, त्याचं खातं काढ.”

पुतण्याने काढले. रक्कम तेथे जमा होती. पावतीपुस्तक आणून कार्बनची प्रत पाहिली, तीवर वाठारच लिहिले होते. नाव आणि आडनाव सारखे. यंत्राच्या यादीतून निवडताना बोट एक ओळ खाली पडलेले. निरोप गेला असता तर वीस वर्षांचे गिऱ्हाईक दुखावले असते, आणि पुसेसावळीच्या गृहस्थांना आपले खाते चुकते झाल्याचा समज होऊन बसला असता, तो वेगळाच. पुतण्याने चूक दुरुस्त केली. मान वर करून त्याने वडिलांकडे पाहिले, तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, “पुढचं पान काढ.”

आता रोज रात्री नऊ वाजता दोघे बसतात. एकजण आकडा म्हणतो, दुसरा पाहतो. गेल्या दिवाळीच्या वहीपूजनाला मुलांनी पाटावर संगणकाचा कळफलक ठेवला आणि अण्णांनी कुरकुर न करता त्यावर हळद-कुंकू वाहिले.

येथेच थांबता आले असते, पण एक गोष्ट लपवणे बरे नाही. पंधरा दिवसांपूर्वी आमचे एक परिचित लग्नाची पत्रिका घेऊन संध्याकाळी माडीवर आले. आम्ही लगबगीने त्यांना दिवाणखान्यात बसवले, चहा सांगितला. टीव्ही चालूच होता आणि त्यावर येणे बाकीची यादी होती. वरून चौथे नाव त्यांचेच, पुढे रक्कम, त्यापुढे किती दिवस झाले तेही. त्यांनी एकदा वर पाहिले आणि नंतर पत्रिकेवरच नजर ठेवली. कप अर्धा भरलेला तसाच ठेवून ते उठले. दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती सगळी रक्कम आली. छत्तीस वर्षे बँकेत काढताना मी एका खातेदाराची शिल्लक दुसऱ्याच्या कानी जाऊ दिली नव्हती. माझ्याच घरात, मीच जोडलेल्या तारेने, ती भिंतीएवढी करून दाखवली.

त्यानंतर आम्ही शिस्त घातली आहे. कळफलकावरील विंडोजचे चिन्ह आणि ‘पी’ ही दोन बटणे एकत्र दाबली की पर्यायांची यादी येते. तीत संगणकाचाच पडदा चालू ठेवण्याचा पर्याय निवडला की टीव्ही तत्काळ कोरा होतो. ‘एक्स्टेंड’ हा पर्याय त्याहून सोयीचा: टीव्ही वेगळे मेज बनतो आणि आपण ओढून नेऊ तेवढेच कागद तेथे दिसतात, बाकी सारे छोट्या पडद्यावर राहते. बँकेचे व्यवहार आणि सांकेतिक शब्द छोट्याच पडद्यावर. मोबाईलचे निरोप संगणकावर उमटत असतील तर तेही बंद करावेत. हिशेबाच्या वेळी रस्त्याकडील खिडकीचा पडदा ओढलेला असतो. ते काम अण्णांनी आपणहून स्वतःकडे घेतले आहे.

ते परिचित अद्याप पुन्हा वर आलेले नाहीत. लग्न पुढच्या रविवारी आहे. अण्णा म्हणतात, आपण आदल्या दिवशीच, मंडप घालायच्या वेळी, दोघेही जाऊ.