हिशेब आधी, सलामी नंतर

गेटाबाहेरच्या रद्दीवाल्याकडे मला संरक्षण मंत्रालयाचा जुना वार्षिक अहवाल वजनावर मिळाला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, रणगाडे, पाणबुड्या, फिती कापणारे साहेब. रद्दीवाला म्हणाला, 'हा कागद तेल पीत नाय, भजीवाला घेत नाय, तूच ने.' नेला. रात्रपाळीत बोट लागेपर्यंत मुकादमाची नजर चुकवून वाचला. माझं इंग्रजी मॅट्रिकचं. शेजारी डिक्शनरी. चार रात्री गेल्या.

दोस्तांनो, पहिला प्रश्न भाषेचाच. इंग्रजांनी १९०९ साली 'फौजी अखबार' काढला, १९५४ साली त्याचं 'सैनिक समाचार' झालं. ते सरकार मराठीतसुद्धा काढत आलंय. म्हणजे परेड, पदकं, शौर्य, हे आपल्याला मायबोलीत. आणि पैशाचा कागद? बजेटातल्या मागण्या, संरक्षण खर्चाची अंदाजपत्रकं? ती इंग्रजीत आणि हिंदीत. छाती फुगवायची मराठीत, हिशेब इंग्रजीत. हे आपोआप होतं असं ज्याला वाटतं त्याने खुशाल वाटून घ्यावं.

आता हिशेब. २०२३-२४ सालच्या बजेटात संरक्षणाला सुमारे ५ लाख ९४ हजार कोटी, पेन्शन धरून. रद्दीच्या पाठीवर पेन्सिलीने भागाकार केला. दिवसाला सोळाशे कोटींच्या वर, तासाला जवळजवळ ६८ कोटी. त्याच बजेटात अर्थमंत्र्यांनी गटाराच्या 'मॅनहोल'चं 'मशीनहोल' करायची घोषणा केली. गटारात उतरणारा माणूस वर काढायचा म्हणून 'नमस्ते' नावाची योजना, तिला सगळ्या देशासाठी वर्षाचे सुमारे ९७ कोटी. म्हणजे संरक्षणाच्या खर्चातला दीड ताससुद्धा नाही. आमची पाळी आठ तासांची. चहाला जाऊन येईपर्यंत आपल्या मेहतर भावाचं अख्खं वर्ष संपलं. सीमेवर मेला तर तिरंगा, गटारात मेला तर महापालिका म्हणणार आमचा माणूस नव्हता, कंत्राटदाराचा होता.

बरं, या आकड्यांवर भांडण झालं असेल? २३ मार्च २०२३ ला लोकसभेत गोंधळ चालू होता. त्या गोंधळातच सगळ्या देशाचं ४५ लाख कोटींचं बजेट चर्चेशिवाय पास झालं. आपल्या मतांवर गेलेले खासदार तिथे होतेच की. राखीव जागांवरचेही होते.

आता कोणीतरी बोंबलणार. लष्कराच्या पैशावर बोलतोय, देशद्रोही! त्याला सांगा, लष्कर काय असतं ते आम्हाला शिकवू नकोस. सुभेदार रामजी सकपाळ कोण होते ते आधी वाच. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा भाकरी गेली आणि तिच्याबरोबर पलटणीतली शाळाही गेली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेबांनी सरकारचा पिच्छा पुरवला म्हणून. त्याच बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळ सोडताना निवेदनात काय मांडलं? वर्षाचा महसूल ३५० कोटी, त्यातले १८० कोटी लष्करावर. निम्म्याहून जास्त! हा बोजा तुमच्या परराष्ट्र धोरणामुळे पडलाय, संकटात धावून येईल असा एक मित्र आपल्याला उरला नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. सभागृहात ते वाचायला आडकाठी झाली, तेव्हा ते उठून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. सरकारने छापलेल्या त्यांच्या खंडांत आजही ते आहे. जयंतीला फोटोला हार घालणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांपैकी किती जणांनी ते पान उघडलंय? मी दोघांना विचारलं. एकाने चहा मागवला.

रणगाडा नको असं मी म्हणत नाही. कशासाठी आणि केवढ्याला, एवढंच विचारतो. तर कशासाठी याचं उत्तरच नाही. देशाच्या सुरक्षेचं सबंध धोरण सरकारने आजवर छापून लोकांपुढे ठेवलेलं नाही. १९६२ ला चीनकडून मार खाल्ला, त्याचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ ला तयार झाला आणि कुलपात गेला. २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला, तेव्हा लोकांना दिसला. थंडीत साध्या कपड्यांत जे जवान मेले त्यांच्या पोरांचीही पोरं झाली, अहवाल अजून गुप्तच.

आणि केवढ्याला? २०१९ ला राफेलवर कॅगचा अहवाल आला. ३६ विमानांचा सौदा २.८६ टक्के स्वस्त पडला म्हणे. कशापेक्षा, किती रुपयांनी? किमती झाकलेल्या. वाण्याने पुडीवर भाव खोडून 'स्वस्त दिलंय' म्हटलं तर आमची आई त्याच्या दुकानात पाय ठेवणार नाही.

झाकलेलं नाही ते एकच, पेन्शन. २०२३-२४ ला १ लाख ३८ हजार कोटी. या आकड्याला तज्ज्ञ लोक 'ओझं' म्हणतात. विमानाला नाही, तोफेला नाही, म्हाताऱ्या शिपायाला ओझं म्हणतात! मग २०२२ ला अग्निपथ आलं. चार वर्षं नोकरी, शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपये हातात देऊन घरी. त्यातही निम्मा वाटा त्याच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही. आपल्या वस्तीतली पोरं पहाटे पाचला मैदानात धावतात, ती यासाठी. माझा बाप गोदीत कायम होता, पेन्शनवर घर चाललं. मी त्याच धक्क्यावर कंत्राटदाराकडे, खाडा झाला की पैसा बंद. म्हणून मला अग्निवीर लगेच समजतो. बंदूक हातात दिलेला कंत्राटी कामगार तो.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत एका दिवशी तीन युद्धनौका देशाला अर्पण झाल्या. माझगावात बांधलेल्या. आम्ही लांबून बघितल्या. देखण्या होत्या, खोटं कशाला बोलू. पत्रा कापणाऱ्या, वेल्डिंग करणाऱ्या हातांना मी ओळखतो, त्यातले बरेच आपलेच. त्यांचं नाव कुठल्या अहवालात नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी विहारात बसायचं. रद्दीतला अहवाल मी आणतो, बजेटची पानं कोणीतरी मोबाईलवरून काढून आणा. कॉलेजात इंग्रजी घेतलेल्यांनी यायचंच, सबब नको. एकेक पान मराठीत करू, भिंतीवर लावू. पहिलं पान पेन्शनचं.