बारीक अक्षरातलं अपंगत्व

मागच्या सेमला मी सहा आठवडे उजव्या पायाला प्लास्टर घालून हॉस्टेलच्या खोलीत पडून होतो. मेसचा डबा रूममेट आणायचा, सबमिशन्सही त्यानेच लिहिली (व्हायव्हाला सरांनी अक्षर ओळखलं, तो भाग वेगळा). जो तो येऊन सांगायचा, "टेन्शन कशाला घेतोस? कॉलेजचा अपघात विमा आहे ना!" मलाही तसंच वाटत होतं. फीच्या पावतीवर इन्शुरन्सचे पैसे दरवर्षी असतातच की.

क्लेम भरला. उत्तर आलं, 'देय नाही.'

आधी खूप राग आला. मग पडल्या पडल्या दुसरा उद्योग नव्हता म्हणून पॉलिसी आयुष्यात पहिल्यांदा वाचली, आणि कळलं की कोणी फसवलेलं नाही. आम्हीच वाचलं नव्हतं.

आपण ज्याला अपंगत्व म्हणतो, ते पॉलिसीत तीन प्रकारचं असतं: कायमचं संपूर्ण, कायमचं अंशतः आणि तात्पुरतं. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय गेले, तर पूर्ण रक्कम. एक डोळा किंवा एक पाय गेला, तर साधारण निम्मी. बोटांचे टक्के वेगळे. आमच्या पॉलिसीत फक्त मृत्यू आणि कायमचं अपंगत्व होतं. माझं हाड मोडलं आणि जुळलं, म्हणजे त्यांच्या हिशोबाने मी ठणठणीत! दवाखान्याचा खर्च हे वेगळं कलम. त्याचा प्रीमियम भरलेलाच नव्हता. तो खर्च बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून भागवला.

मग आशा बाइकच्या विम्यावर. विमा नियामकाने २०१८ मध्ये मालक-चालकाचा सक्तीचा अपघात विमा १५ लाखांचा केला; दुचाकीला तो आधी १ लाखच होता. पण शब्द नीट वाचा: 'मालक-चालक'. म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तोच चालवत असला पाहिजे, आणि लायसन्स चालू पाहिजे. आमची गाडी बाबांच्या नावावर, चालवत होतो मी. शिवाय त्यातही फ्रॅक्चर बसत नाहीच. मागे बसणाऱ्यासाठी वेगळा प्रीमियम लागतो. आपल्या पार्किंगमधल्या किती बाइक्स चालवणाऱ्याच्या नावावर आहेत, मोजा एकदा. आणि "दोन मिनिटं चावी दे रे" हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकू येतं, तेही मोजा.

वस्तूंचंही तसंच. आपण चोरी आणि घरफोडी हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. घरफोडीच्या पॉलिसीत मात्र कुलूप किंवा खिडकी तोडल्याची खूण लागते. उघड्या खोलीतून लॅपटॉप गेला, तर ती चोरी असेल, पण घरफोडी नाही. खोली उघडी टाकून आंघोळीला जाणाऱ्यांनी विचार करावा!

माझा रूममेट चिपळूणचा. जुलै २०२१ च्या पुरात त्याच्या काकांच्या दुकानात पाणी शिरलं. माल होता १० लाखांचा, विमा ५ लाखांचा, नुकसान २ लाखांचं. काकांना वाटलं, ५ लाखांच्या आत आहे, सगळं मिळेल. मिळालं निम्मंच. विमा निम्म्या किमतीचा, म्हणून भरपाईही निम्मी. याला 'सरासरीचं कलम' म्हणतात. सोपं त्रैराशिक आहे, पण ते पूर ओसरल्यावर कळून काय उपयोग?

कुणी म्हणेल, एवढ्याशा प्रीमियममध्ये आणखी काय मिळणार? मान्य. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता २०२२ पासून वर्षाला २० रुपये आहे. त्यात अपघाती मृत्यू किंवा संपूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. फ्रॅक्चरला तिथेही काही नाही. पण १८ वर्षं पूर्ण झालेल्या, बँकेत खातं असलेल्या प्रत्येकाने ती घ्यावी असंच मी म्हणेन. दोन कटिंगच्या पैशात एवढं मिळतं. तक्रार रकमेची नाहीच. आपण काय विकत घेतलंय, हे आपल्याला माहीत नसतं, ही तक्रार आहे.

डेटाशीट न वाचता आयसी लावली आणि ती जळली, तर लॅबमध्ये सर कोणाला बोलतात? आयसीला नाही, आपल्याला! इथे दोष थोडा आपला आणि थोडा ऑफिसचाही, कारण पॉलिसी कपाटात आणि तीही इंग्रजीत.

म्हणून रेक्टर सरांना एक विनंती. मेसच्या मेनूशेजारी एक मराठी कागद लावा: काय मिळतं, काय मिळत नाही, आणि किती दिवसांत कळवायचं. आणि मित्रांनो, तो लागला तर वाचा. प्लास्टर पडायची वाट बघू नका.