अनुभव कोणाच्या मालकीचा?

सल्ला ही बाजारात विकत मिळणारी वस्तू आहे, ही समजूत सरकारी कचेऱ्यांत आता इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणास शंकाही येत नाही. बंदर बांधावयाचे असो, समुद्रात पवनचक्क्या उभारावयाच्या असोत वा वीजखरेदीचा करार करावयाचा असो, प्रथम शोध सुरू होतो तो सल्लागाराचा. सल्लागार अहवाल देतो, खाते त्यावर शिक्का उमटवते, आणि पुढे काही बिघडले तर त्याच अहवालाकडे बोट दाखवून सारे नामानिराळे राहतात. ऊर्जा आणि सागरी उद्योग या दोन क्षेत्रांत या रिवाजाची किंमत फार जबर आहे. येथील चुका निस्तरण्यात दशके जातात, आणि काही चुका माणसांचे प्राण घेऊनच उघडकीस येतात.

याचा अर्थ परक्याचा सल्ला घेऊच नये असा नव्हे. केशवदेव मालवीय यांच्या पुढाकाराने १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला, तेव्हा सरकारपाशी तेलसंशोधनाच्या विद्येचे भांडवल जवळजवळ नव्हते. ते सोविएत तज्ज्ञांच्या साहाय्याने उभे करावे लागले. मुंबईसमोरच्या समुद्रतळाची पहिली पाहणीही १९६० नंतरच्या दशकात सोविएत जहाजानेच केली. परंतु त्या तज्ज्ञांच्या खांद्याला खांदा लावून भारतीय भूवैज्ञानिक काम करीत होते. खंभातच्या आखातात अलियाबेटजवळ १९७० साली त्यांनी आपल्या हिकमतीवर विहीर खणली. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जपानी बनावटीच्या तराफ्यावरून मुंबई हायचे तेल सापडले, आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. ‘इंजिनिअर्स इंडिया’ ही संस्था १९६५ साली बेक्टेल या अमेरिकी कंपनीच्या भागीदारीत निघाली आणि दोनच वर्षांत संपूर्णपणे सरकारी मालकीची झाली. सल्ला बाहेरून आला, पण सल्लागार गेल्यावर विद्या मागे राहिली. हा सल्ला घेण्याचा एक मार्ग.

दुसऱ्या मार्गाचे स्मारक रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरनजीक उभे आहे. १९९२ च्या जूनमध्ये एन्रॉनच्या प्रतिनिधींशी काही दिवसांच्या बोलण्यांतच दाभोळ प्रकल्पाचा प्राथमिक करार झाला. जागतिक बँकेने १९९३ साली या प्रकल्पास कर्ज देण्याचे नाकारले. एवढी महाग वीज एवढ्या प्रमाणात घेणे राज्यास परवडणार नाही, असा तिचा निष्कर्ष होता. तरीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात वीजखरेदी करारावर सह्या झाल्या. डॉलरच्या दराशी जोडलेली किंमत आणि वीज घेतली न घेतली तरी मोजावा लागणारा स्थिर आकार, ही त्या कराराची दोन कलमेच विद्युत मंडळाला रसातळाला नेण्यास पुरेशी होती. १९९९ साली पहिला टप्पा सुरू झाला, २००१ साली मंडळाने खरेदी थांबविली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपल्या अहवालात शासनयंत्रणेच्या अपयशावर नेमके बोट ठेवले.

या व्यवहारात तज्ज्ञांची वाण नव्हती. वाण होती ती स्वतंत्र तज्ज्ञांची. एन्रॉनचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही पेढी २००० या एका वर्षात तपासणीसाठी अडीच कोटी डॉलर आणि सल्ल्यासाठी दोन कोटी सत्तर लाख डॉलर त्याच कंपनीकडून घेत होती. ज्याच्या ताटात जेवायचे त्याच्याच स्वयंपाकाची परीक्षा करायची, असा हा प्रकार. उलट कोणतेही शुल्क न घेता दाभोळच्या कराराचे आकडे जनतेपुढे उलगडून दाखविले ते पुण्यातील ‘प्रयास’ या लहानशा गटाच्या अभियंत्यांनी. तांत्रिक ज्ञान लोकांच्या बाजूने उभे राहू शकते, याचा हा पुरावा होय.

दाभोळची कथा करारापाशी संपत नाही. तेथील वायुवाहू जहाजांच्या धक्क्यावर २०१३ साली वायू उतरू लागला. पण लाटा अडविणारा बांध अपुराच राहिलेला असल्याने त्यानंतर वर्षानुवर्षे पावसाळ्यात जहाज लागू शकत नव्हते. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळतो हे सांगण्यास कोणा सल्लागाराची आवश्यकता नव्हती. होडी ओढून घेणाऱ्या कोणत्याही कोळ्याने ते फुकट सांगितले असते. कागदावरच्या वेळापत्रकात मात्र पैशाच्या वाटाघाटी आधी झाल्या आणि समुद्र मागाहून आला.

मुंबई हायच्या परिसरात १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी सत्तरहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांत मोठा भरणा कंत्राटी कामगारांचा होता. वादळाची पूर्वसूचना होती. तरीही बार्ज किनाऱ्याच्या आश्रयास का आला नाही, याचे उत्तर शोधताना कप्तान, बार्जमालक, कंत्राटदार आणि काम देणारी संस्था यांच्यामध्ये जबाबदारी अशी विभागली गेली की ती जणू कोणाचीच उरली नाही. कामाचे तुकडे करून ते बाहेर देण्याच्या धोरणाचे हे अटळ फळ आहे. काम वाटले जाते, नफा वाटला जातो, आणि धोका तेवढा सर्वांत खालच्या माणसाच्या वाट्यास अखंड येतो.

सल्लागारांच्या व्यवसायात प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत. त्यांत सार्वजनिक उद्योगांतून निवृत्त झालेले अभियंते आहेत, आयुष्य समुद्रावर काढलेले कप्तान आहेत. परंतु त्यांनाही विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देण्याचे पैसे मिळतात. धक्का कोठे बांधावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे येतो. मुळात बांधावा काय, हा येत नाही. शिवाय ज्या अनुभवाचे मोल ते आज घेतात, तो जनतेच्या पैशाने चालणाऱ्या तराफ्यांवर आणि गोद्यांत मिळालेला असतो. खात्यांतील जागा रिकाम्या ठेवायच्या, तरुणांस शिकवायचे नाही, आणि आपल्याच घरची विद्या पुन्हा भाड्याने आणायची, हे कोणते अर्थशास्त्र?

हा प्रश्न गतकाळाचा नाही. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने गुजरात व तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर मिळून १,००० मेगावॉटच्या सागरी पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्याच महिन्यात डहाणूनजीक वाढवण बंदरास सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या खर्चाची मान्यता मिळाली. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ साली हेच ठिकाण बंदरासाठी नाकारले होते, आणि तेथील मच्छीमारांचा विरोध तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. तेथेही अहवाल लिहिले जातील. ते कोण लिहील, कोणासाठी लिहील आणि कोण वाचेल, हे आजच ठरले पाहिजे.

यास्तव काही अटी अपरिहार्य आहेत. सार्वजनिक प्रकल्पावरील प्रत्येक अहवाल निर्णयापूर्वी मराठीत प्रसिद्ध व्हावा. एकाच प्रकल्पात प्रवर्तकाचा, कर्ज देणाऱ्याचा आणि सरकारचा सल्लागार एक असू नये. अहवालाची तपासणी करण्याएवढे अभियंते प्रत्येक खात्याच्या पदरी कायम असावेत, आणि सल्लागाराने जाण्यापूर्वी त्यांना काम शिकवून जावे. किनाऱ्यावरील मच्छीमार आणि तराफ्यावरील कामगार यांची साक्ष अहवालाचा भाग मानली जावी.

अनुभव ही समाजाची ठेव आहे. ती समाजाच्याच तिजोरीत राहिली तर मुंबई हाय उभे राहते. गहाण पडली तर दाभोळ. निवड करण्याची वेळ दर निविदेगणिक येत असते.