वहीतलं खरं



मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी आमच्या सल्ला केंद्रात एक सव्वीस वर्षांची मुलगी आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) इंजिनिअर, चांगली नोकरी, लग्नाला दोन वर्षं. महालक्ष्मीचा उपवास म्हणून बिस्किटाला नको म्हणाली. मनगटात रंगीत खड्यांचं ब्रेसलेट, पर्समध्ये वही. वहीच्या पानापानावर एकच वाक्य, रोज पंचावन्न वेळा : ‘माझा नवरा माझ्यावर खूप प्रेम करतो.’ दंडावर मात्र काळानिळा वळ होता.

वही लिहायला तिला मोबाइलवरच्या ‘मॅनिफेस्टेशन’च्या कोर्सने शिकवलं होतं. आपण जो विचार करतो तेच आयुष्यात ओढून घेतो, हे २००६ सालच्या ‘द सीक्रेट’ या पुस्तकाने जगभर पोचवलेलं सूत्र. त्या हिशेबाने मारही तिनेच ओढवून घेतलेला. तिची ‘एनर्जी निगेटिव्ह’. आई म्हणत होती, नशिबाचे भोग आहेत, व्रत नेमाने कर. एक भाषा नवी, एक जुनी. निकाल एकच : दोष तुझा, तूच सुधार. मारणारा दोन्हींतून अलगद सुटला.

बाई शिकली की अंधश्रद्धेतून सुटेल, असं आपण मानत आलो. आज शिकलेल्या कितीतरी मुली टॅरो, चक्रं, राशी आणि उपास सगळं एकाच वेळी धरून आहेत. त्यांना हसणं सोपं आहे. पण नोकरीचा भरवसा नाही, लग्नाचा तगादा आहे, भाड्याच्या खोलीत मनातलं बोलायला कुणी नाही. व्रताच्या निमित्ताने चार शेजारणी जमतात. टॅरोवाली निदान विचारते तरी, ‘तुला काय हवंय?’ घरात हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नसतो. आपल्या गटात आपण विचारतो का? की ती आल्या आल्या आपलं भाषण सुरू होतं?

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अघोरी प्रकार करणाऱ्या बुवाला पकडता येतं. २०१६ साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना प्रवेश मिळाला. दोन्ही लढाया मोलाच्या. पण गोड आवाजात, फी घेऊन, बाईलाच तिच्या दुःखाचं कारण ठरवणारी शिकवण कायद्याच्या कलमात सहज बसत नाही. तिथे एकमेकींशी बोलणंच कामी येतं.

आणि श्रद्धा म्हणजे सोसून गप्प बसणं, असंही नाही. सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मकथनपर अभंगांत नवऱ्याने केलेल्या मारहाणीची नोंद केली. विठ्ठल सोडला नाही, पण मारही लपवला नाही. जुनं असो की नवं, प्रत्येक श्रद्धेला आपण हाच प्रश्न विचारावा : ही मला खरं बोलू देते का?

त्या मुलीला आम्ही उपवास सोडायला सांगितलं नाही, ब्रेसलेटही काढायला लावलं नाही. एवढंच सुचवलं, की वहीच्या शेवटच्या पानावर घडलेलं लिही, तारखेसह. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागायची वेळ आली, तर ती नोंद उपयोगी पडेल. बराच वेळ ती पेन हातात धरून बसली. मग तिने पहिली तारीख लिहिली.

तुमच्या गटातल्या तरुण मुली अशा वेळी कुणाकडे जातात? त्यांच्याशी बोला आणि आम्हाला जरूर कळवा.

– संपादक मंडळासाठी