कम्प्यूटर नावाच्या मुली

मुलगी बारावी झाली की आमच्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो: आता पुढे काय? परिचारिकेचे शिक्षण, शाळेतील नोकरी, नाही तर शिवणवर्ग, ही उत्तरे आईबापांच्या ओठांवर तयार असतात. मुलाविषयी तोच प्रश्न निघाला म्हणजे कोणी तरी 'कम्प्यूटर' म्हणतो. मुलीने तो शब्द उच्चारला तर 'ते मुलग्यांचे काम' असे सांगून तिला गप्प बसविण्यात येते. ही समजूत मोठी पुरातन असावी असे आपणांस वाटते. ती तशी मुळीच नाही. खुद्द कम्प्यूटर हा शब्दही एके काळी यंत्राचा नव्हता. कागदावर हिशेब करणाऱ्या माणसाचा तो हुद्दा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत हा हुद्दा ज्यांना मिळाला त्यांत पुष्कळशा तरुण मुली होत्या.

त्यांपैकी एकीची हकीकत सांगतो. आयर्लंडातील डोनेगल परगण्यात क्रीसलो नावाचे खेडे आहे. तेथे १२ फेब्रुवारी १९२१ रोजी कॅथलीन मॅक्नल्टी जन्मास आली, आणि त्याच रात्री तिच्या बापास राजकीय चळवळीपायी अटक झाली. सुटका झाल्यावर १९२४ साली हे कॅथलिक कुटुंब अमेरिकेत फिलाडेल्फियास गेले. बाप पाथरवटाचे काम करी. मुलीस इंग्रजीचा गंधही नव्हता. घरात आयरिश भाषा, प्रार्थनाही त्याच भाषेतून, आणि त्या प्रार्थना तिला जन्मभर आठवत राहिल्या. मराठी शाळेत शिकल्यामुळे आपली मुलगी मागे पडेल अशी धास्ती घेणाऱ्या पालकांनी एवढी गोष्ट ध्यानी ठेवावी.

कॅथलीनला गणिताची गोडी होती. सेंट जोसेफच्या धर्मभगिनी चालवीत असलेल्या चेस्टनट हिल कॉलेजातून १९४२ साली ती गणित घेऊन पदवीधर झाली. वर्गात गणित घेणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे लष्कराची जाहिरात पाहून ती व तिची वर्गमैत्रीण फ्रान्सिस बिलास अशा दोघी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नोकरीस लागल्या. वार्षिक पगार १६२० डॉलर. तोफेचा गोळा किती अंतरावर व केव्हा पडेल याची कोष्टके करावयाची होती. हातयंत्रावर एका गोळ्याचा मार्ग काढण्यास तीस ते चाळीस तास लागत.

हे काम जलद व्हावे म्हणून त्याच विद्यापीठात 'एनिअ‍ॅक' नावाचे प्रचंड विद्युत्-यंत्र बांधण्यात आले. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. यंत्र बांधले पुरुष अभियंत्यांनी. परंतु त्यास हिशेब शिकवावा कोणी? त्यासाठी १९४५ साली सहा मुलींची निवड झाली: कॅथलीन, फ्रान्सिस, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ व रूथ लिख्टरमन. गुप्ततेच्या नियमामुळे आरंभी त्यांना यंत्राच्या खोलीत पाऊल ठेवावयाची परवानगी नव्हती. हाती दिले ते नकाशे. पाठ्यपुस्तक नाही, गुरू नाही. त्या नकाशांवरून एकेक भाग कसा चालतो हे त्यांनी आपसांत चर्चा करून उलगडले, आणि मग केबली जोडून व बटणे फिरवून यंत्रास काम सांगावयास त्या शिकल्या. आज ज्यास प्रोग्रॅमिंग म्हणतात ते हेच.

फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिअ‍ॅक जगापुढे मांडण्यात आले. गोळ्याचा मार्ग त्याने वीस सेकंदांत काढून दाखविला. प्रत्यक्ष गोळ्यास जमिनीवर पडावयास याहून अधिक वेळ लागतो! तो हिशेब यंत्रात घातला होता या मुलींनीच. रात्री मोठी मेजवानी झाली. मुलींना तिचे आमंत्रण नव्हते. पुढे १९८० च्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने जुन्या छायाचित्रांतील स्त्रिया कोण म्हणून विचारले, तेव्हा त्या शोभेसाठी उभ्या केलेल्या असाव्यात असे उत्तर तिला मिळाले. तिने शोध चालू ठेवला म्हणून नावे तरी उरली.

अन्याय झाला खरा. पण तो झाला कसा, हे मला अधिक बोधप्रद वाटते. यंत्र बांधणे हे पुरुषार्थाचे आणि त्यास आज्ञा लिहून देणे हे कारकुनीचे, असा त्या काळी समज होता. म्हणून ते बायकांकडे आले. त्या कारकुनीत खरी बुद्धी लागते व पैसाही मिळतो हे कळल्यावर पुरुषांची रीघ लागली. तरीही १९८४ साली अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत शेकडा ३७ स्त्रिया होत्या. पुढील पंचवीस वर्षांत हे प्रमाण निम्म्यावर, म्हणजे शेकडा १८ पर्यंत उतरले. मुलींची बुद्धी का पंचवीस वर्षांत आटली?

पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस व अ‍ॅलन फिशर यांनी याचा शोध घेतला. कारण घरात सापडले. संगणक घरोघर आला तो मुलाच्या खोलीत. मुलगा त्याच्याशी खेळून, तो उघडून जोडून तयार होऊन येई. बहिणीला हात लावावयास मिळालेला नसे. वर्गात ती मागे पडली की आपल्यास डोकेच नाही असे समजे. विद्यापीठाने पूर्वानुभवाची अपेक्षा कमी केली व नवख्यांसाठी निराळा आरंभ ठेवला. १९९५ साली शंभरांत ७ मुली प्रवेश घेत, त्या २००० साली ४२ झाल्या.

आता आपल्या घराकडे वळू. भारतात शहरांतून मुली संगणकशास्त्राकडे मोठ्या संख्येने जातात; त्या बाबतीत आपण अमेरिकेच्याही पुढे आहोत. दुखणे खेड्यात आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, इंटरनेट कधी तरी वापरले आहे असे सांगणारे पुरुष खेड्यांतून शेकडा ४९ निघाले, स्त्रिया शेकडा २५. स्वतः वापरावयाचा मोबाइल निम्म्याहून कमी ग्रामीण स्त्रियांजवळ होता. घरात फोन असतो. तो भावाच्या खिशात असतो. मुलगी वाईट मार्गास लागेल ही आईबापांची भीती अगदी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण तोच फोन मुलाच्या हाती देताना ती भीती कोठे जाते, याचेही उत्तर द्यावे लागेल.

ज्या मातांना 'आता आमचे वय गेले' असे वाटते त्यांच्यासाठी एक नाव सांगून ठेवतो: सिस्टर मेरी केनेथ केलर. १९३२ साली त्या मठात गेल्या, पुढे गणित शिकवू लागल्या, आणि १९६५ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, विस्कॉन्सिन विद्यापीठातून संगणकशास्त्रात डॉक्टर झाल्या. या विषयात ती पदवी मिळविणारी अमेरिकेतील ती पहिली स्त्री. आयोवातील क्लार्क कॉलेजात त्यांनी संगणकाचा विभाग काढला व वीस वर्षे चालविला. तान्ही मुले असलेल्या विद्यार्थिनींना त्या सांगत, मूल घेऊनच वर्गात या.

दहावी झालेल्या मुलीस शासकीय आय. टी. आय. मध्ये 'कोपा' नावाचा एक वर्षाचा संगणक अभ्यासक्रम आहे. दहावीचा निकाल लागला की जवळच्या संस्थेत प्रवेशाच्या तारखा विचाराव्यात. आणि विचारावयास मुलीस बरोबर न्यावे, म्हणजे प्रश्न तीच विचारील.