सहलीचा हक्क

मे महिन्यात शाळांना सुट्या लागल्या की एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात दोन प्रकारची घरे दिसू लागतात. काही घरांना कुलपे असतात. तिथली माणसे बायकामुलांसह जयपूरला, हंपीला, एखादे कुटुंब अंदमानलाही गेलेले असते. उरलेल्या घरांची दारे उघडी असतात, कारण त्या घरातला मिळवता माणूस ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे आणि हजेरी चुकली की त्या दिवसाची मजुरी चुकते. दोघेही एकाच फाटकातून आत जातात. कोळशाची धूळ आणि राख दोघांच्याही छातीत सारखीच उतरते. मात्र एकाच्या रजेचा पगार होतो, दुसऱ्याची रजा म्हणजे खाडा.

महागाई, बेकारी आणि शेतमालाचे कोसळते भाव हे विषय समोर असताना सहलीवर अग्रलेख कशासाठी, असे आमचे काही कार्यकर्ते विचारतील. सहल म्हणजे मध्यमवर्गाची चैन आणि प्रवासी कंपन्यांचा धंदा, ही समजूत आपल्या चळवळीत खोल रुजलेली आहे. ही समजूत आम्हांला साफ चुकीची वाटते. जुनी लेणी पाहणे, बोटीतून बेटावर जाणे, चार दिवस घड्याळाकडे न पाहता आपल्या माणसांबरोबर राहणे, या गोष्टी श्रीमंतांनी केल्या तर संस्कृती आणि कामगाराने केल्या तर उधळपट्टी, हा न्याय मालकवर्गाचा आहे. तो आपण आपल्या तोंडी घेण्याचे कारण नाही.

शिवाय विश्रांतीची मागणी कामगार चळवळीला नवी नाही; तिचा आरंभच तिथून झाला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सादर केले, त्यात आठवड्याच्या सुटीची मागणी होती. ती मान्य व्हायला १८९० चा जून उजाडावा लागला. आज रविवारच्या सुटीला कोणी चैन म्हणत नाही, पण त्या काळी गिरणीमालक हेच म्हणत होते. फ्रान्समध्ये १९३६ साली लिओन ब्लुम यांच्या आघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. तेवढ्यावर न थांबता लिओ लाग्रांज या मंत्र्याने रजेवर जाणाऱ्या कामगार कुटुंबांना रेल्वेभाड्यात चाळीस टक्के सवलत मिळवून दिली. रजा दिली पण तिकीट परवडत नसेल तर ती रजा घराच्या ओट्यावरच संपते, हे त्या सरकारला कळले होते. लाखो माणसांनी त्या वर्षांत आपल्याच देशाचा समुद्र पहिल्यांदा पाहिला.

आपल्याकडे कागदावर कमी नाही. राज्यघटनेचे ४३ वे कलम कामगारांना निर्वाहवेतनाबरोबर फुरसतीचा आणि सांस्कृतिक संधींचा पूर्ण लाभ मिळावा, असे राज्याला बजावते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या श्रमसंहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. कामगारांच्या अनेक हक्कांना कात्री लावणाऱ्या या संहितांतली ही एक तरतूद स्वागतार्ह आहे, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९५६ पासून रजा प्रवास सवलत आहे. राज्य शासनाचा कर्मचारीही ‘महाराष्ट्र दर्शन’ करू शकतो. हे सारे संघटित लढ्याचे फळ आहे आणि कुलूप लावून सहलीला गेलेल्या कायम कामगाराचा आम्हांला यत्किंचितही मत्सर नाही.

प्रश्न उघड्या दाराच्या घराचा आहे. कायद्याच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत नेमलेला माणूसही कामगारच आहे आणि रजेचा हक्क त्यालाही आहे. परंतु ठेका बदलतो, कागदावर नोकरी नव्याने सुरू होते आणि दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. माणूस तोच, झाडू तोच, बॉयलर तोच. बदलते ते फक्त पाकिटावरचे नाव. साठलेली रजा हिशेबात पैशांनी मिटवली गेली तर नशीब. बारा दिवसांचे पैसे हातात पडले की ते किराणा आणि शाळेच्या वह्यांत जातात. मुलाबरोबर घालवायचे बारा दिवस त्यातून परत येत नाहीत. मग हा माणूस गावाबाहेर जातो केव्हा? लग्नाला, मयताला, सप्तशृंगीच्या यात्रेला. देवाच्या नावाने मागितलेला खाडा मुकादम समजून घेतो. मुलांना समुद्र दाखवायचा आहे म्हटले तर हसतो.

गोष्ट पैशांची आहे, राज्याला परवडणार नाही, असे सांगितले जाते. असे सांगणाऱ्यांनी एकलहऱ्याहून नाशिकच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पांडवलेण्यांवर एकदा चढून जावे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे वाटसरूंसाठी निवारे बांधल्याचे, विहिरी व तलाव खोदल्याचे, तापी, पार, दमण, डहाणू वगैरे नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचे त्यात नोंदवले आहे. उषवदात हा काही समाजवादी नव्हता. त्याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गाईंचे आणि गावांचे आकडेही आहेत, आणि ती संपत्ती रयतेच्याच घामाची होती. परंतु वाटेवर निवारा आणि नदीवर नाव ठेवणे हे राज्यकर्त्याचे काम आहे, एवढे तरी त्याला मान्य होते. आजचे सरकारही मनात आणले तर करू शकते. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्राम उभे राहिलेच की!

नावेच्या उल्लेखाने आम्हांला १८ डिसेंबर २०२४ हा दिवस आठवतो. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसे दगावली. त्यांत आमच्या नाशिक जिल्ह्यातून गेलेली माणसेही होती. बोटीवर शंभराहून अधिक लोक होते; जीवरक्षक जाकिटांची सक्ती मात्र अपघातानंतर झाली. विमानतळावर प्रवाशाचा कमरपट्टा दहा वेळा तपासणारी यंत्रणा, साध्या माणसांच्या बोटीकडे वर्षानुवर्षे डोळेझाक करते, याचा अर्थ काय घ्यायचा?

आणि घारापुरीवर राहणाऱ्यांचे काय? तिथल्या लेण्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या तिथल्या वस्त्यांना समुद्राखालच्या तारेतून कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. म्हणजे एकतीस वर्षे जगभरचे पाहुणे त्रिमूर्ती पाहून गेले आणि त्यांना पाणी, ताक, काकडी विकणारी बाई संध्याकाळचे काही तास जनित्रावर आणि पुढे अंधारात राहिली. एकलहऱ्याचे पहिले संच १९७० च्या सुमारास सुरू झाले होते, समोर मुंबई रात्रभर उजळत होती. वीज करणारा बेट पाहू शकत नाही आणि बेटावरची माणसे विजेवाचून राहतात, हे दोन प्रश्न आम्हांला वेगळे वाटत नाहीत.

काय होऊ शकते, याचा पुरावा एस.टी.ने दिला आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या वृद्धांना मोफत प्रवास मिळाला आणि गाड्या भरून वाहू लागल्या. बायका आता उगाचच फिरतात, अशी कुचेष्टाही लगेच सुरू झाली. उगाच फिरणे हाच तर मुद्दा आहे! जन्मभर कामासाठी, दवाखान्यासाठी आणि सरणासाठीच प्रवास केलेल्या बाईने एकदा उगाच वेरूळ पाहिले, तर कोणाचे काय बिघडले? एस.टी.चा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास चार किंवा सात दिवसांचा असतो. एकलहऱ्याच्या कंत्राटी कामगाराला तो घ्यायचा तर सलग चार दिवसांची मजुरी बुडवावी लागेल. सवलत आहे, पण तिच्यापर्यंत जाणारी रजा नाही.

वेतनकराराच्या मागण्यांची पत्रके आमच्याकडे नेहमी येतात. त्यांत महागाई भत्ता असतो, बोनस असतो, कायम करण्याची मागणी असते आणि ती पहिलीच असली पाहिजे. पण जोवर कंत्राटी पद्धत जात नाही तोवरसुद्धा, ठेकेदार बदलला तरी कामगाराचे दिवस तुटू नयेत, ते मुख्य आस्थापनेच्या नोंदवहीत चालू राहावेत, आणि वर्षातून एकदा सलग आठवडाभर भरपगारी रजा व कुटुंबासह एस.टी.चा पास मिळावा, एवढी मागणी कायम कामगारांच्या संघटनांनी आपल्या पत्रकात का घालू नये? ज्यांच्या घरांना मे महिन्यात कुलपे लागतात त्यांनीच ती घातली, तर फाटकापुढच्या पुढच्या सभेत दोन्ही हजेरीपटांवरची माणसे एकत्र बसलेली दिसतील.