गाडी तुमची, किल्ली कंपनीची

मोटारगाडीच्या दुरुस्तीसारख्या विषयाला समाजवादी साप्ताहिकात जागा कशाला, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येण्याचा संभव आहे. मोटार ही खात्यापित्या घरांची चैन, तिच्या दुरुस्तीचे बिल वाढले तर कष्टकऱ्यांच्या चळवळीने अश्रू का ढाळावेत, असा या प्रश्नाचा सूर असतो. या भूमिकेत गाडीत बसणाऱ्याचा विचार झालेला असतो. गाडीखाली पोत्यावर निजून काम करणाऱ्याचा झालेला नसतो. आणि कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर ज्याचे घर चालते त्या टॅक्सीवाल्याचा, टेंपोवाल्याचा, काळ्यापिवळ्या जीपवाल्याचाही झालेला नसतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, ऑपेरा हाउसच्या परिसरात, पुण्याच्या नाना पेठेत, आणि प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर पत्र्याच्या आडोशाने जी दुनिया उभी आहे ती पाहावी. फिटर, वायरमन, डेंटिंगवाला, सीटांचे काम करणारा कुशनवाला, किल्ल्या कापणारा चावीवाला, जुने भाग विकणारा भंगारवाला, अशी अनेक घरे एकेका चौकात या धंद्यावर जगतात. यांतील बहुसंख्यांनी कोणत्याही संस्थेचे प्रमाणपत्र पाहिलेले नाही. त्यांची विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि तिच्यावर कोणाचीही मालकी नव्हती. आज हीच विद्या पद्धतशीरपणे निरुपयोगी ठरवली जात आहे. कारखाना बंद पडला तर मोर्चा निघतो. येथे एकेक शटर न बोलता खाली येते, आणि त्याची बातमीही होत नाही.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने तयार झालेल्या या गाडीला १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. कारखान्यातून ती बाहेर पडणे थांबल्यावरही दोन दशके ती मुंबईच्या रस्त्यांवर धावत होती. अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. ती इतकी वर्षे टिकली याचे श्रेय कारखान्याला देण्याचे कारण नाही. कारखाना दमल्यावर तिला फुटपाथवरच्या मिस्त्रीने जगवले. मागच्या पाट्यांचे एखादे पान तुटले तर तेवढेच पान बदलले जाई, बुश झिजला तर लेथवर नवा वळवून घेतला जाई, सीट फाटली तर कुशनवाला नवे रेक्झिन चढवी. या गाडीचे पोवाडे गाण्याची गरज नाही. ती धूर ओकत होती, परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवून विकली जात होती, आणि संरक्षित बाजारपेठेत सुस्तावलेल्या भांडवलदाराचा तो नमुना होता. पण एक गोष्ट तिच्या बाबतीत खरी होती. ज्याने पैसे मोजले, गाडी त्याची झाली. तिच्या पोटातले कोणतेही रहस्य कंपनीने स्वतःजवळ राखून ठेवलेले नव्हते.

आजच्या गाडीचे तसे नाही. चाकांवरची कमान, आतली बैठक आणि दाराचे कुलूप, या तीन गोष्टी क्रमाने पाहिल्या तर मालकी कशी पायरीपायरीने हिरावली जाते हे दिसून येते.

कमान किंवा सस्पेन्शन हा भाग अजून बराचसा मिस्त्रीच्या हातात आहे. शॉकॲब्सॉर्बर, ज्याला गॅरेजात सगळे शॉकअप म्हणतात, स्प्रिंग, लोअर आर्म, बॉल जॉइंट आणि रबराचे बुश, असा हा संसार असतो. खड्ड्यातून गाडी गेली की सर्वांत आधी रबर फाटते, मग जॉइंट ढिला होतो, मग टायर एका कडेने झिजू लागतो. दोष बहुधा तळहाताएवढ्या रबरी तुकड्याचा असतो. परंतु अनेक गाड्यांचा बुश किंवा बॉल जॉइंट सुटा विकलाच जात नाही. अख्खा आर्म घ्यावा लागतो. मिस्त्री प्रेसवर जुना बुश काढून बाजारातला नवा बसवू शकतो, आणि बसवतोही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मात्र दुरुस्ती हा शब्दच हद्दपार झाला असून त्याच्या जागी ‘बदली’ आली आहे. रस्त्यातला खड्डा नगरपालिकेचा, त्यासाठीचा कर नागरिकाचा, आणि त्या खड्ड्यावरची कमाई गाडीच्या कंपनीची, अशी ही श्रमविभागणी आहे.

बैठकीत शिरले की मामला पुढे सरकतो. २०२२ साली बीएमडब्ल्यू कंपनीने काही देशांत गाडीची सीट गरम करण्याची सोय मासिक वर्गणीवर देऊ केली. तारा आणि बटण गाडीत आधीच बसवलेले, त्यांची किंमत गिऱ्हाइकाने मोजलेली. परंतु वर्गणी भरल्याखेरीज वीज सोडायची नाही! लोकांनी इतकी छी थू केली की २०२३ मध्ये कंपनीने हा बेत सोडला. भारतात सीट गरम करण्याची हौस कोणाला असेल हा प्रश्न वेगळा. त्यामागचे अर्थशास्त्र मात्र ओळखीचे आहे. जमीन कसणाऱ्याच्या ताब्यात, पण खंड जमीनदाराला, ही व्यवस्था कूळकायद्याने मोडली. तोच खंड आता यंत्राच्या पोटात शिरून परत येत आहे. कूळ निदान आपण कूळ आहोत हे जाणत होते. गाडीचा खरेदीदार स्वतःला मालक समजतो.

सर्वांत भक्कम कोंडी कुलपाची आहे. पूर्वी किल्ली हरवली तर चावीवाला कानस घेऊन येई आणि तासाभरात नवी किल्ली देई. आताच्या किल्लीच्या मुठीत एक चिप असते. गाडीतल्या संगणकाने ती ओळखली तरच इंजिन सुरू होते. या योजनेला इमोबिलायझर म्हणतात, आणि तिने पुष्कळ चोऱ्या टळल्या हे मान्य केले पाहिजे. पण नवी चिप गाडीशी जुळवायला कंपनीचे उपकरण लागते, त्या उपकरणाला कंपनीची परवानगी लागते, आणि परवानगी कंपनीच्याच वर्कशॉपला असते. चोरासाठी म्हणून लावलेले कुलूप असे अलगद मिस्त्रीच्या तोंडावर बंद झाले आहे.

चोराचे काय झाले, हेही पाहू. मोठमोठ्या युरोपीय गाड्यांत वापरल्या गेलेल्या ‘मेगामॉस क्रिप्टो’ या चिपची गुप्त रचना फोडता येते, हे बर्मिंगहॅम आणि नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिले. संशोधकांनी धोक्याची सूचना दिली म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावल्या का? फोक्सवॅगनने २०१३ साली लंडनच्या उच्च न्यायालयातून त्यांच्या निबंधावर मनाई हुकूम आणला. तो निबंध २०१५ मध्ये, एक वाक्य गाळून, प्रसिद्ध झाला. मधली दोन वर्षे गाडीमालकांना आपले कुलूप कच्चे आहे हे अधिकृतपणे कळू द्यायचे नाही, अशी ही सुरक्षितता होती. किल्लीवाचून बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांचे चोर तर कुलूप फोडतही नाहीत. घरात ठेवलेल्या किल्लीचा संदेश एका उपकरणाने पकडून दुसऱ्याने गाडीपर्यंत पोचवतात आणि गाडी चालू करून निघून जातात. चोर कंपनीची परवानगी मागत नाही, मिस्त्री मागतो. म्हणून या व्यवस्थेत अडतो तो मिस्त्रीच.

कंपन्यांना सुरक्षेची किती कळकळ असते याचा आणखी एक दाखला अमेरिकेचा आहे. कॅनडाने २००७ सालापासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर कायद्याने सक्तीचा केला; अमेरिकेने केला नाही. ह्युंदाई आणि किआ यांनी कॅनडात तो बसवला, आणि सरहद्दीच्या अलीकडे आपल्या स्वस्त गाड्यांतून वगळला. २०२१-२२ मध्ये या गाड्या यूएसबी तारेच्या टोकाने सुरू करता येतात हे पोरासोरांना समजले आणि शहराशहरांत चोऱ्यांचे पीक आले. २०२३ मध्ये कंपन्यांना सुमारे २० कोटी डॉलर्सची तडजोड करावी लागली. जेथे कायदा तेथे कुलूप, जेथे कायदा नाही तेथे काटकसर. ज्यांचा हिशेब असा चोख आहे त्यांनी मिस्त्रीला गाडीचे संकेत न देण्याचे कारण म्हणून सुरक्षितता पुढे करावी, हा धिटाईचा कळस म्हणावा लागेल.

हा सगळा साम्यवाद्यांचा कांगावा आहे असे म्हणण्याचीही सोय राहिलेली नाही, कारण हीच गोष्ट मुक्त स्पर्धेच्या रक्षणासाठी नेमलेल्या भारतीय स्पर्धा आयोगाने सांगितली आहे. २०११ साली एका ग्राहकाच्या तक्रारीवरून चौकशी सुरू झाली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना दोषी ठरवून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. देशी-विदेशी, खानदानी-नवश्रीमंत असा भेद त्यात नव्हता. मारुती, टाटा आणि महिंद्र यांची नावे होंडा, टोयोटा व मर्सिडीज यांच्या शेजारी होती. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे खुल्या बाजारात मिळू द्यायची नाहीत, आणि मग आपल्याच दारात आलेल्या गिऱ्हाइकाला खरेदीच्या कित्येक पट भाव लावायचा, हा त्या निकालाचा गाभा आहे. सुटे भाग आणि उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना द्या, भागांच्या किमती जाहीर करा, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने हमी रद्द होईल अशी सरसकट अट घालू नका, असे आयोगाने बजावले.

पुढे नेहमीप्रमाणे अपिले झाली. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या अपिलावर निष्कर्ष कायम ठेवला, परंतु दंड सगळ्या उलाढालीऐवजी सुटे भाग व दुरुस्तीच्या व्यवसायापुरता मोजायला सांगितला. प्रकरण तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली; मोटारी, शेतीची अवजारे, मोबाइल आणि घरगुती उपकरणे ही चार क्षेत्रे निवडली; त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळावर कंपन्यांनी आपखुशीने माहिती द्यायची आहे. कोल्ह्याला खुराड्याचा हिशेब लिहायला बसवण्याचा हा प्रकार आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात याच प्रश्नावर थेट जनमत घेतले गेले. २०१२ मध्ये सुमारे ८६ टक्के मतदारांनी स्वतंत्र गॅरेजांच्या बाजूने कौल दिला. बिनतारी मार्गाने कंपनीकडे जाणाऱ्या गाडीच्या माहितीचा प्रश्न उभा राहिल्यावर २०२० मध्ये पुन्हा मतदान झाले, आणि सुमारे ७५ टक्के मते तशीच पडली. त्या प्रचारात कंपन्यांच्या बाजूने, एकट्या बाईचा गाडीतळात कोणीतरी पाठलाग करतो आहे, अशी जाहिरात दाखवली गेली. मिस्त्रीला गाडीची माहिती द्याल तर बायका सुरक्षित राहणार नाहीत! हीच जाहिरात मराठीत भाषांतरित होऊन यायला वेळ लागणार नाही.

स्वतंत्र गॅरेजे म्हणजे संतांचे मठ नव्हेत, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. बनावट भाग कंपनीच्या डब्यात घालून विकणारे आहेत. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असलेल्या गाडीवर नको ते जाड कव्हर शिवून, ऐन वेळी ती फुगणारच नाही अशी तजवीज करणारे आहेत. अशा अडाणीपणाने माणसे मरतील. आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने सर्वच व्यवसायांत बंदी आली असताना गॅरेजातला ‘बारक्या’ अजून पाने उचलून देतोच आहे. त्याच्या बाबतीत डोळे झाकून मिस्त्रीच्या हक्काची भाषा करणे ढोंगीपणाचे होईल. पण कव्हर कोठे उसवते ठेवायचे हे कुशनवाल्याला सांगण्याऐवजी ते गुपित राखायचे, आणि मग तो चुकतो म्हणून त्याला नालायक ठरवायचे, हा न्याय कोणता? ज्ञान नाकारायचे आणि अज्ञानाबद्दल शिक्षा करायची, ही रीत या देशाला नवी नाही. तिला येथे कोणती परंपरा होती हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. विकल्या गेलेल्या प्रत्येक गाडीची दुरुस्ती-पुस्तिका आणि भागांची किंमत मराठीत आणि फुकट मिळाली पाहिजे. तपासणी उपकरण व किल्ली जुळवण्याची सोय प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये सरकारने ठेवावी, आणि नोंदणी केलेल्या कोणत्याही मिस्त्रीला ती माफक भाड्याने वापरता यावी. किल्ली जुळवताना गाडीची कागदपत्रे व मालकाची ओळख तपासून नोंद ठेवली म्हणजे चोराची भीती दाखवणाऱ्यांचे तोंड बंद होईल. जो भाग सुटा झिजतो तो सुटा विकण्याची सक्ती असावी. स्पर्धा आयोगाने २०१४ साली सांगितलेल्या गोष्टींना संसदेने कायद्याचे रूप द्यावे, म्हणजे त्या अपिलांच्या फेऱ्यांवर अवलंबून राहणार नाहीत.

आणि संघटनेचे काम आहेच. रिक्षावाल्यांच्या युनियन झाल्या, हमालांचे माथाडी मंडळ १९६९ च्या कायद्याने उभे राहिले. गॅरेज कामगार मात्र कोणाच्याच यादीत नाही. तो स्वतःला कामगार म्हणवत नाही, कारण उद्या आपलेही शटर असेल असे त्याला वाटते. दहा मिस्त्री एकत्र येऊन सहकारी तत्त्वावर एक उपकरण विकत घेऊ शकतात. तालुक्याच्या गावी पक्षकार्यालयापासून गॅरेजांची रांग फारशी दूर नसते. येत्या महिन्याभरात तेथे जाऊन, कोणकोणत्या गाड्या दुरुस्त न करता परत पाठवाव्या लागल्या आणि का, एवढीच यादी कार्यकर्त्यांनी करून आणावी. खासदारासमोर ठेवायला तेवढी यादी पुरेशी आहे.